लोखंडे आजोबांचा डावा हात

७ डिसेंबर, गुरुवार. सकाळी कडक थंडी, दुपारी कोरडं ऊन. वारा नाही.

“लागलं का?” मार्थाबाईंनी विचारलं.

“काय लागलं?”

“इंजेक्शन. डॉक्टर ‘लागलं तर द्या’ म्हणालेत ना? मग… लागलं का?”

विश्वजित घोलपच्या हातात भरलेली सिरिंज होती. तो खाटेपाशी थांबला.

सहा नंबरच्या खाटेवर लोखंडे आजोबा. आठवड्यापूर्वी झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अन्नासाठी नाकात नळी, लघवीलाही नळी. डावा हात आणि डावा पाय तेवढा चालतो. तो डावा हात घोलपने पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधला होता.

समोरच्या खाटेवर मी, पाय प्लास्टरमध्ये. दिसलं आणि ऐकू आलं ते लिहितो.

घोलप हा ह्या वॉर्डातला नवा ब्रदर, कॉलेजात पहिला आलेला. मार्थाबाई साळवे इथल्या मोठ्या सिस्टर. इथल्या बऱ्याच सिस्टर त्यांच्या हाताखाली शिकल्या. सगळे त्यांना बाई म्हणतात.

“लागलंच की बाई,” घोलप म्हणाला. “सकाळपासून आवरेनात. नाकातली नळी दोनदा ओढली. आता परत ओढली आणि अन्न छातीत गेलं, तर?”

“आणि गुंगीत गेले, तर?”

“शांत होतील.”

“छातीत कफ आहे. गुंगीत खोकतील का?”

घोलपने सिरिंज उजेडात धरून रेघ बघितली. मग म्हणाला, “डोस कमीच आहे.”

आजोबांचा हात पट्टीत हिसके देत होता. कठडा वाजत होता. कपाळावर घाम. थंडीचे दिवस, तरी घाम.

पायथ्याशी लोखंडे आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ब्रदर, त्यांना काहीतरी सांगायचंय हो.”

“आजी, त्यांना आता कळत नाहीये. भ्रमात आहेत ते. हात दिसेल ते ओढतो, बघता ना.”

“भ्रमात असते तर मला बघून रडले असते का?”

“ते आजारात होतं तसं.”

आजींनी पदर तोंडाशी नेला.

“काय काय बघितलंस?” बाईंनी विचारलं.

घोलपने घडाघडा सांगितलं. नाडी जरा जलद, पण ती धडपडीने. बीपी, ऑक्सिजन, साखर बरोबर. ताप नाही. पाठीला जखम नाही. लघवीची पिशवी आत्ताच ओतलेली. पट्टी पुस्तकाप्रमाणे, दोन बोटं आत जातील एवढी सैल. गाठ त्यांच्या हाताला लागणार नाही अशी खाली.

“खाली का?”

“वर बांधली की सोडतात. सकाळी एकदा सोडली.”

“मांडव घालायचे ते,” आजी म्हणाल्या. “साऱ्या तालुक्याचे. गाठी सोडण्यात जन्म गेला.”

बाई आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या…

“मग काय होतंय ह्यांना?” घोलपने विचारलं.

“मला माहीत नाही.”

“मग इंजेक्शन देऊ ना? बाई, नळी निघाली तर जबाबदार मी. डॉक्टर मला विचारतील.”

“इकडे ये. स्टूल घे. ह्यांच्या उशाशी बैस.”

“आत्ता?”

“आत्ता. सिरिंज माझ्याकडे दे. उजवा हात वर.”

त्याने हात वर केला. बाईंनी खिशातून पट्टी काढली आणि त्याचं मनगट उशाकडच्या लोखंडी दांड्याला बांधलं. दोन बोटं जातील एवढं सैल.

“तुझा डावा हात मेलेला आहे. उचलायचा नाही. वाचा गेलेली आहे. बोलायचं नाही.”

घोलप हसला. आजूबाजूच्या खाटांवरचेही हसले. बारा नंबरचा म्हणाला, “ब्रदरला ॲडमिट केला रे.”

बाईंनी चपलेची टाच घोलपच्या बुटावर ठेवली, अंगठ्याच्या जागी. आणि अंगाचा सगळा भार दिला. बाई चांगल्या वजनदार आहेत.

घोलपचं हसू गेलं. त्याने हात ओढला. दांडा वाजला.

“आजी, बघा,” बाई म्हणाल्या. “कसा ओढतोय.”

आजी जागेवरून अर्धवट उठल्या.

घोलपने परत हिसका दिला. तोंड लाल झालं.

“ह्याला कळत नाहीये. भ्रमात आहे.” बाईंनी त्याची बाही वर सरकवली आणि दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. “लागलंच की ह्याला.”

वॉर्डात कोणी हसलं नाही.

सुईवरचं टोपण निघालं. घोलप बाईंकडे बघत होता. मग खाली, आपल्या पायाकडे. परत बाईंकडे. परत पायाकडे. बाईंची नजर त्याच्या हातावर होती.

तिसऱ्यांदा त्याने खाली बघितलं आणि तिथून त्याची मान खाटेकडे वळली.

आजोबांचा डावा गुडघा पोटाशी ओढलेला होता. टाच चादरीवर घासत होती. मधेच थांबे, परत घासे. डोळे कमरेकडे लागलेले. माझ्या खाटेवरून ते सकाळपासून दिसत होतं. मलाही वाटलं होतं, भ्रमच आहे.

“बाई…”

“वाचा गेली आहे तुझी.”

“बाई, पिशवी.”

“ओतलेली आहे ना?”

“मी म्हणालो ओतलेली.”

“मग?”

“रिकामी दिसली. म्हणून म्हणालो. पिशव्या मावशी ओततात, त्यांना विचारलं नाही मी…”

बाईंनी टाच काढली. सुईला टोपण घातलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. चादरीखाली हात घालून आजोबांच्या ओटीपोटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. आजोबांच्या घशातून एक आवाज आला.

“काय लागतंय?” घोलपने विचारलं.

“दगड. लघवी तुंबलीय.”

“नळी बघा. कठड्याच्या बाजूने खाली आणलीय मी. सकाळी ते घसरत होते म्हणून कठडा वर केला, तेव्हा…”

तो उठायला गेला. पट्टीने त्याला परत खाली बसवलं.

बाई वाकल्या. नळी कठड्याच्या बिजागरीत सापडून चपटी झाली होती. त्यांनी आधी आजोबांच्या हाताची गाठ सोडली. मग कठडा खाली केला, नळी बाहेर काढली, दोन बोटांत चोळून गोल केली.

काही झालं नाही.

“येत नाही?” घोलप म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “बाई, नळी बदलायला लागेल. मला सोडा.”

“थांब.”

“मला सोडा ना.”

“थांब म्हटलं.”

आजींनी डोळे मिटून घेतले.

नळीत आधी एक पिवळा थेंब आला. थांबला. मग धार लागली. पिशवीत पडल्याचा आवाज माझ्या खाटेपर्यंत येत होता.

आजोबांचा गुडघा हळूहळू सरळ झाला. टाच थांबली. श्वास लांब झाला.

“देवा रे,” आजी म्हणाल्या. “एवढंच होतं होय?”

घोलपने मान खाली घातली होती.

आजोबांचा मोकळा हात चादरीवर पडून होता. मग तो उचलला गेला. नाकाकडे निघाला. घोलप दचकला, पण त्याचा हात बांधलेला. बाई जवळ होत्या, त्यांनी अडवलं नाही.

हात नाकावरून पुढे गेला. उशावरून वर, दांड्यापर्यंत. घोलपच्या मनगटावर बोटं फिरली. गाठ सापडली.

“अहो, राहू द्या,” आजी म्हणाल्या. “त्यांचं ते सोडवतील.”

आजोबांनी ऐकलं नाही. अंगठ्याच्या नखाने त्यांनी पट्टीचं टोक उचकलं. निसटलं. परत उचकलं.

घोलपने मनगट जरा वळवून त्यांच्याकडे केलं. दुसरा हात त्याने उचलला नाही.

तिसऱ्या वेळी गाठ सुटली.

पिशवीत नऊशे मिली भरली. इंजेक्शन दिलं नाही. नाकातली नळी जागेवर राहिली. तीन वाजता आजोबांना झोप लागली.

बाईंनी खाली पडलेली पट्टी उचलली, गुंडाळली आणि घोलपच्या हातात दिली.

“खरं बोललास तू,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा हात दिसेल ते ओढतो.”