वेणू आणि कोंडलेलं तळं

एका राज्यात मदयंती नावाची राणी राज्य करीत होती. राज्याला तळं एकच. त्यावर शेतं पिकत, गुरं जगत, माणसं तहान भागवीत. राणीला अपत्यही एकच. वेणू त्याचं नाव.

वेणू अंगरखा घाली, कमरेला तलवार लावी, केसांत मोगरा माळी. कुणी हाक मारी ‘युवराज’, कुणी ‘राजकन्ये’. वेणू दोन्ही हाकांना नुसती मान डोलावी. ‘मी आलो’ म्हणवत नसे, ‘मी आले’ही म्हणवत नसे, मग ‘येणं झालं’ असं काहीतरी बोलून वेळ मारून नेई. प्रत्येक वाक्याला वळसा घालायचा म्हणजे केवढे श्रम! विशी गाठेपर्यंत वेणूनं बोलणंच टाकत आणलं होतं. या कथेत वेणूला ‘ते’ म्हणायचं. का, ते ओघानं येईल.

एके दिवशी दरबारात भस्मक नावाचा मांत्रिक आला. म्हणाला, “राणी, तळ्याच्या तळाशी नागमण्यांचा हंडा आहे. तो मला दे.”

“तो हंडा शापित आहे. उचलला तर तळं आटेल. मिळणार नाही.”

मांत्रिकानं मूठभर राख उधळली. सगळं तळं डोंगराच्या पोटात गेलं आणि वर तांब्याचं दार बसलं.

“त्या दारापुढे आपल्या अपत्याला उभं कर आणि ते कोण, ते सांग,” भस्मक म्हणाला. “खरं बोललीस तर दार उघडेल. खोटं बोललीस तर त्याच्या अंगाचा दगड होईल. तीनदा सांगता येईल. तिसऱ्यांदा चुकलीस तर अपत्यही गेलं, पाणीही गेलं, आणि हंडा माझा. तुझ्या दरबारात दोघांचं एकमत नाही, तू काय सांगणार!” हसला, आणि धूर होऊन निघून गेला.

राजगुरू म्हणाले, “गादीला पुत्र लागतो. पुत्र म्हणावं.”

राणी दारापुढे म्हणाली, “हा माझा पुत्र.” वेणूचा डावा हात खांद्यापर्यंत दगड झाला.

विहिरी आटू लागल्या. म्हातारी दाई म्हणाली, “राणीसरकार, नाळ मी कापली. मला ठाऊक नाही तर कुणाला? कन्या म्हणा.”

राणी म्हणाली, “ही माझी कन्या.” वेणूचा उजवा पाय दगड झाला. वेणू ओरडलं नाही. दारापुढेच बसलं आणि म्हणालं, “आईसाहेब, आता घरी जाऊ या.”

वेशीवरच्या वडावर एक भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, “राणी, मावळतीच्या रानात बिनकुंपणाचं गाव आहे. तिथं जा.” राणीनं मुकुट उतरवला, वेणूला बैलगाडीत बसवलं आणि कासरा स्वतः हाती धरला.

गावात पहिली भेटली धीरा. ती दोर वळीत होती. उन्हात तिला दोन सावल्या पडत होत्या, एक पुरुषाची, एक बाईची. “मी दुहेरी,” धीरा म्हणाली. “दोघंही मीच.”

राणीनं आशेनं विचारलं, “वेणू, तू दुहेरी का?”

“नाही, आईसाहेब.”

पुढे सारंग भेटला. त्याची सावली रोज बदलत असे. “मी फिरता. काल फिरती होते,” तो म्हणाला. “उद्याचं उद्या सांगेन.”

“वेणू, तू तसा? की तशी?”

“नाही.”

शेवटी विहिरीपाशी अबीर भेटलं. त्याला सावलीच नव्हती. “मी मोकळं,” अबीर म्हणालं, आणि बैलांना पाणी दाखवलं.

“मग तू मोकळं असशील!”

वेणूनं डोळे मिटून घेतले. राणी चाकाला टेकून मटकन खाली बसली. अबीर म्हणालं, “बाई, आमचे शब्द आमच्या मापाचे. ते दुसऱ्याच्या अंगावर चढवून बघू नका. शब्द ज्याचा त्यानं सांगावा, बदलला तर पुन्हा सांगावा. तुम्ही फक्त विचारा आणि गप्प बसा.”

राणीनं वर पाहिलं. “वेणू, मी काय म्हणू तुला?”

वेणू म्हणालं, “राजगुरूंना विचारलंत, दाईला विचारलंत, पाखराचंही ऐकलंत. मला आज विचारताय.”

“चुकलं माझं.”

“मी पुरुष नाही, आईसाहेब. स्त्रीही नाही. हे समजावून सांगायचं तरी किती? जीव दमला. लहानपणी तुम्ही मला ‘लेकरू’ म्हणत होता. लेकरू आलं, लेकरू जेवलं. तो शब्द कधी टोचला नाही. मग मोठं झाल्यावर तुम्ही तो काढून घेतला.”

“आणि दुसऱ्यांनी काय म्हणावं?”

“‘ते’ म्हणावं. वेणू आलं, वेणू गेलं. एवढंच.”

राणीनं गाडी वळवली.

दारापुढे सगळं राज्य जमलं होतं. राजगुरू हात जोडून म्हणाले, “नीट विचार करावा. ही शेवटची वेळ.” राणीनं वेणूला दारापुढे आणलं.

“हे माझं लेकरू. पुत्र नाही, कन्या नाही. याचं नाव वेणू. हे माझ्यामागं गादीवर बसेल.”

तांब्याचं दार कडाडून फाटलं. पाणी घोंघावत बाहेर आलं आणि आपल्या जुन्या जागी जाऊन बसलं. वेणूच्या अंगावरचा दगड ओल्या मातीसारखा गळून पडला. दूर कुठं भस्मक राख होऊन उडाला. हंडा तळाशी होता तिथंच राहिला.

राजगुरू पुढे झाले. “युवराज, आपण जिंकला...” अडखळले, घाम पुसला. “वेणू जिंकलं,” ते म्हणाले. वेणूनं मान डोलावली.

लोक ओंजळी भरून पाणी पीत होते, ढोल वाजत होते. वेणू मात्र काठावरच्या जांभळीखाली पाय पाण्यात सोडून आडवं झालं, आणि बघता बघता झोपी गेलं. मिरवणुकीचा हत्ती घेऊन प्रधान आले. राणीनं ओठांवर बोट ठेवलं.

“हत्ती मागं घ्या, प्रधानजी. झोपू दे. फार दमलंय ते.”