पडद्यावरचं पेरूचं झाड

एकदा एका टेकडीवरच्या बालशाळेत एक तरुण शिष्या वृद्ध गुरुजींपाशी शिकवण्याची विद्या घेत होती. लहानग्यांना मोजायला शिकवावं म्हणून तिने संगणकावर एक खेळ रचला होता. पडद्यावर पेरूचं झाड डोलायचं. मुलाने समोर उभं राहून हात उंचावला, की कॅमेरा तो टिपायचा आणि एक पेरू अलगद टोपलीत उतरायचा. पडदे ओढलेल्या त्या हिरवट अंधारात मुलं झोपेत चालल्यासारखी हात हलवायची.

एकट्या शेवंताला मात्र पेरू मिळेना. ती हात जोडायची, आणि यंत्र म्हणायचं, 'हात दिसत नाहीत. पुन्हा प्रयत्न करा.' त्या आवाजाने शिष्यासुद्धा दचकायची. "अगं, वर कर ना हात," ती घाईघाईने म्हणायची. हळूहळू शेवंता हात पाठीमागे लपवून उभी राहू लागली. चित्र काढायलाही ते पुढे येईनात. शिष्येला वाटू लागलं, ही पोर आपल्यामुळे मिटत चालली की काय?

तिने गुरुजींना बोलावलं. ते आले, पडद्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि डोळे मिटले. यंत्राने बजावलं. ते हलले नाहीत. यंत्राने पुन्हा बजावलं.

"गुरुजी," शिष्या कुजबुजली, "हात वर करायचा असतो. नाहीतर त्याला कळत नाही."

"त्याला कळत नाही होय? मला वाटलं, मलाच कळत नाही."

मुलं खुदकन हसली. शेवंताही हसली. गुरुजी तिच्याकडे वळले. "तू का गं हात जोडतेस?"

"झाडाला विचारते. आई फुलं तोडायच्या आधी विचारते तसं."

"मग काय म्हणतं झाड?"

"ते कुठं बोलतंय. या ताईच मध्ये बोलतात."

शिष्येने मान खाली घातली. गुरुजी सावकाश म्हणाले, "मुली, तुझं यंत्र घेणारे हात ओळखतं. विचारणारे हात त्याला दिसतच नाहीत. ही पोर तोडण्याआधी एक गोष्ट करते, ती तू खेळात घातलीच नाहीस. मुलाचा हात धरून तो वर नेण्यापूर्वी, तो कुठे निघाला आहे ते क्षणभर पाहावं."

शिष्येने खेळ बदलला. आता हात जोडले, की फांदी हळूच खाली वाकायची आणि थांबायची.

शेवंता समोर आली. फांदी तिच्या तळव्यांपर्यंत उतरली. तिने पेरू घेतला नाही. पानांबरोबर नुसती डोलत राहिली, कितीतरी वेळ. टोपली रिकामीच होती. 'घे ना' हे शब्द शिष्येच्या ओठांवर आले, आणि तिने ते तिथेच ठेवले.