हिंदुराव पैलवानाची भूक

नदीकाठच्या एका गावात एक पैलवान होता आणि वाट बघणं ही त्याला शिक्षा वाटायची. नाव हिंदुराव. अंगात रग, डावात चपळाई, पण हाड बारीक. चैत्रातल्या जत्रेत मानाची गदा असे. ती जिंकायची तर आपल्या दुप्पट गडी पाडावा लागणार, ही धास्ती त्याच्या मनात बसली होती.

दादू वस्ताद त्याला सांगायचे, "मेहनत कर, बेतानं खा आनि गाढ झोप. अंग आपसूक भरतंय." हिंदुरावला एवढा धीर कुठला? शहरातल्या एका जिममध्ये त्याला वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन मिळालं. हे आपल्या शरीरातच बनतं, मग भ्यायचं कशाला, असंही कुणी सांगितलं. तो चोरून टोचून घेऊ लागला.

आणि अंग खरंच भरलं. पोटावरची चरबी झडली, दंड फुगले, बोटातली अंगठी रुतू लागली. त्याबरोबर भूक वाढली. तहान तर अशी की तालमीतली घागर पुरेना. तालमीत भूक म्हणजे कौतुकाची गोष्ट. "गड्याच्या अंगाला लागतंय!" म्हणत वस्ताद खूश झाले. त्यांनी त्याच्या थंडाईत साखर वाढवली, वर तुपातला शिरा सुरू केला. आई रोज दृष्ट काढायची. रोग वाढत होता आणि सगळे त्याला प्रेमानं भरवत होते.

जत्रा तोंडावर आली आणि एका सकाळी सराव करताना हिंदुराव भोवळ येऊन मातीत पडला. वस्तादांनी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शर्वरीताईंनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढली होती.

"बाहेरून काही घेतोस का? गोळ्या, इंजेक्शन?" त्यांनी विचारलं.

हिंदुरावनं चोरून वस्तादांकडे पाहिलं. असलं काही घेणाऱ्याला ते तालमीत पाऊल ठेवू देत नसत.

"न्हाई," तो म्हणाला.

तेव्हा वस्तादांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. "मग ह्ये माझंच पाप हाय, ताई. भूक बघून म्याच साखर चारली त्याला. आजपास्नं तालमीची किल्ली दुसऱ्याकडं. पोरं घडवायची माझी लायकी न्हाई."

हिंदुरावला भयंकर लाज वाटली. भर मैदानात चीत झाल्यावरही इतकी वाटली नव्हती.

"वस्ताद, फेटा घाला," तो रडवेला होऊन म्हणाला. "म्या लबाड हाय. वाढीचं इंजेक्शन घेतोय, दिवाळीपास्नं."

डॉक्टर आधी चिडल्या, मग समजावू लागल्या. "अरे, डोक्यातली वाटाण्याएवढी ग्रंथी हे हार्मोन बनवते. गाढ झोपेत, मेहनतीनंतर, लागेल तेवढंच. ते चरबी जाळतं, यकृताला साखर सोडायला लावतं आणि ती साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला अडवतं. बेतात असलं तर अंग घडतं. तू वरून ओतत राहिलास, म्हणून साखर रक्तातच साठली. खाल्लेली साखर अंगाला लागत नव्हती, म्हणून तर भूक लागत होती!"

वस्तादांनी कपाळावर हात मारला.

"आत्ता बंद कर आणि थोडे दिवस औषध घे, साखर उतरेल," डॉक्टर म्हणाल्या. "तू बोलला नसतास, तर मी इकडे साखरेचं औषध देत बसले असते आणि तू तिकडे टोचून घेत बसला असतास."

बाहेर आल्यावर वस्ताद त्याच्यावर कडाडले. वाटेल ते बोलले. मग शांत होऊन म्हणाले, "यंदा जत्रा न्हाई. औषध घ्यायचं, ताई सांगतील तेवढंच खायचं आनि येळेवर झोपायचं. सुटका न्हाई तुझी."

त्या वर्षी गदा दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. हिंदुरावचे दंड उतरले, पण साखरही उतरली. पुढच्या जत्रेत तो आपल्या मूळच्या बारीक हाडानिशी मैदानात उतरला आणि डोंगराएवढ्या गड्याला ढाक डावावर चीत करून गदा घेऊन आला. वस्तादांनी गावभर पेढे वाटले. हिंदुरावच्या हातावर मात्र अर्धाच ठेवला आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्ला.

तात्पर्य: वाढीचं माप शरीराला ठाऊक असतं, त्यात चोरून भर घातली तर ती रोगालाच पोसते. आणि चूक झालीच, तर ती उघडपणे सांगणाऱ्यालाच औषध लागू पडतं.