चिंचदऱ्याच्या कड्या

वेशीतल्या कडुनिंबाला हात लावून बघा. सालीत लोखंड लागेल. त्या कड्या आहेत, दाराच्या. साठ घरांच्या साठ. झाडाने बऱ्याचशा गिळल्या, थोड्या बाहेर दिसतात. गावात फिरताना दारेही बघा. आतून कडी आहे, बाहेरून एकाही दाराला नाही. चौकटीला नुसती भोके आहेत. नवीन घर बांधले तरी बाहेरून कडी बसवत नाही. चोर येतात. भांडी नेतात. भांडी पुन्हा घेता येतात.

असे सांगतात, की या गावात हैबती नावाचा एक दगडकाम करणारा होता. डोंगरउताराला माती अडवणाऱ्या दगडी ताली दिसतात ना, त्या त्याच्या हातच्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. अजून हललेल्या नाहीत. तिशीच्या आसपास त्याचे बिघडले. झोप गेली. एकटाच बोलू लागला. तालीमागे कोणी अडकले आहे म्हणायचा, दिवसभर दगड काढायचा आणि पुन्हा रचायचा. कोणी म्हणाले बाहेरचे आहे. कोणी म्हणाले काम नको म्हणून सोंग आहे. आईचे पाप म्हणणारेही होते. त्याला काय होते आहे, हे त्याला कोणी विचारले नाही.

चैत्रात भैरोबाची पालखी डोंगरावर जाते. तीन दिवस सगळे गाव वर राहते. एका वर्षी हैबती पालखीला आडवा गेला आणि ओरडला. त्या साली पाऊस ओढला. दोन्हींची गाठ लोकांनी मारली. पुढच्या चैत्रात ठरले, पालखी परत येईपर्यंत त्याला घरात ठेवायचे.

कडी घालायला कोणी पुढे होईना. मग पाटलाने जुनी रीत काढली. दोन भाऊ घरासाठी भांडले, की पाच जण मिळून त्या घराला कडी घालत, आणि पाचही जण हजर असल्याशिवाय ती निघत नसे. म्हणजे दोष एकावर येत नाही. ही रीत भांडणातल्या घराची होती. त्या दिवशी ती माणसाला लावली. पाच हात एका कडीवर ठेवले. आत एक घागर पाणी आणि भाकरी ठेवली होती.

हैबतीची आई कोंडाई. पोरगा बरा व्हावा म्हणून तिने अनवाणी पालखीबरोबर चालायचा नवस केला होता. पालखी खाली येईपर्यंत मागे फिरायचे नाही, असा. तिने पाटलाला विचारले, "त्याच्याकडं कोण बघंल?"

पाटील म्हणाला, "आम्ही पाच जण हाय की. तू देवाकडं बघ."

पहिल्याच दिवशी हैबतीने घागर फोडली असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचांतले चौघे बघायला खाली आले. आतून तो पाणी मागत होता. नावे घेऊन मागत होता, म्हणजे ओळख शाबूत होती.

एक म्हणाला, "पाचवा राघू कुठाय?"

"वर. पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावर. उतरवायचा न्हाई."

"मग चौघं काढू."

"आन् उद्या गाव म्हणंल, रीत मोडली. तू घेणार का अंगावर? लई दया आली तर तूच बस आत त्याच्याजवळ."

 चौघे राघूला आणायला परत डोंगर चढले. राघूला खांदा सोडता येईना. कोंडाईला कोणी काही सांगितले नाही. चैत्राचे ऊन आणि पत्र्यासारखी तापलेली कौले.

तिसऱ्या दिवशी पालखी उतरली. कोंडाई सगळ्यांच्या पुढे घरी आली. तिने कडी काढली. एका बोटाने निघाली. हैबती दारालगत पडला होता. त्याने आतल्या भिंतीचे दगड काढून दारापाशी रचले होते, नीट, जोड बसवून.

कोंडाई रडली नाही. मागून आलेल्या पाचांना म्हणाली, "पाच जण लागत नव्हतं."

माती झाली. ती घरात गेली नाही, अंगणात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा गावातले एकही दार उघडेना. साठही घरांच्या कड्या बाहेरून लागलेल्या. खिडक्या तेव्हा नव्हत्या, झरोके होते. हाका सुरू झाल्या. ऊन वर आले. पोरे पाण्यासाठी रडू लागली.

पाटील आतून ओरडला, "कोंडे, दार काढ."

ती म्हणाली, "पाच जणांना बोलवा."

पाचही जण आपापल्या घरात अडकलेले होते.

पोरांचे रडणे तिला ऐकवले नाही. दुपारी उठली आणि एकेक कडी काढत गेली. त्या पाचांची घरे शेवटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. लोक गुरांच्या गोठ्यात निजू लागले, तर गोठ्याच्या कड्या लागल्या. बारा दिवस असे चालले म्हणे. काही जण म्हणतात, कड्या कोंडाईनेच घातल्या. एकटी म्हातारी आणि साठ घरे. घातल्या असतील, तरी चूक काय?

तेराव्या दिवशी पाटील पागोटे काढून तिच्यापुढे बसला. म्हणाला, "काय हवं ते माग."

"मला काय नको. मी म्हातारी. मी मेल्यावर तुमची दारं कोण काढंल, तेवढं बघा."

त्याच दिवशी कड्या उपटल्या आणि वेशीतल्या निंबाला ठोकल्या. गावाने शपथ घेतली. ज्याचे मन फिरेल त्याला कोंडायचे नाही. त्याच्या उंबऱ्यावर रोज एका घराने बसायचे. दार उघडे, आणि पाण्याचा तांब्या हाताशी.

आजही उंबऱ्याची पाळी चालू आहे. माझ्या बहिणीसाठी गाव अकरा वर्षे बसले. आता दगडूच्या सुनेसाठी बसते. तालुक्याचा डॉक्टर तिला गोळ्या देतो, आजार आहे म्हणतो. आम्हीही आजारच म्हणतो. गोळी घेतली का, ते उंबऱ्यावरचा बघतो. उद्या माझी पाळी आहे.

तुम्ही शाळेत उतरला आहात. शाळा सरकारची, तिच्या दाराला बाहेरून कडी आहे. आम्ही दोनदा काढली, त्यांनी दोनदा बसवली. आज दाराला आतून दगड लावून ठेवा, मिटू देऊ नका. तरीही सकाळी कडी लागलेली असली, तर घाबरू नका. हाक मारा. जो पहिला ऐकेल तो येईल. पाच जण लागत नाहीत.