लिंबाजी कुंभाराचे कप

एका गावात एक भोळा कुंभार होता, आणि त्याला एक शहाणी बायको होती. त्याचं नाव लिंबाजी, तिचं कौसा. जोडी जमवताना देव वाटणी करायची विसरला आणि दोघांचं शहाणपण एकाच घागरीत ओतून मोकळा झाला.

लिंबाजी आळशी नव्हता. लबाड तर मुळीच नव्हता. सांगाल ते काम करायचा आणि सांगाल तसंच करायचा, घोटाळा एवढाच होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तशातलं त्याचं नव्हतं. त्याचा घडा चांगला सरळ होता. सांगितलेलं सगळं आत साठायचं. ते कुठे ओतायचं, एवढंच त्याला कळत नसे.

चाकावर कौसा बसायची. बायकांनी चाकाला हात लावू नये असं पूर्वी गावात म्हणत. पण लिंबाजीने हात लावला की माठाची कढई व्हायची, तेव्हा गावानेच ती रीत गुपचूप सोडून दिली. पुढे घरोघरी फ्रिज आले आणि माठ खपेनासे झाले. चाक विकून वीटभट्टीवर जायचं कौसाच्या अगदी मनात आलं होतं. तिची आई वीटभट्टीवर राबली होती आणि वाकलेली पाठ घेऊनच घरी आली होती, म्हणून कौसाला त्या कामाची धास्ती होती. एवढ्यात तालुक्याच्या गावातून निरोप आला. तिथे ऋजुताताई म्हणून एक बाई कॉफीचं दुकान काढत होत्या, आणि त्यांना हाताने घडवलेले मातीचे कप हवे होते, खास त्यांच्या दुकानापुरते. उद्घाटनाला लोकांना कप आवडले, तर कायमचं काम कौसाला मिळणार होतं. नाही आवडले, तर वीटभट्टी होतीच.

कौसाने एक नमुना घडवला, भाजला आणि नवऱ्याच्या हाती दिला.

"ह्यो ताईंच्या दुकानात पोचवायचा. एष्टीला गर्दी असती. कुनाच्या हातात देऊ नगा."

"न्हाई देत," लिंबाजी म्हणाला.

संध्याकाळी तो कप घेऊन परत आला.

"ताई न्हवत्या व्हय?"

"व्हत्या की. लई चांगल्या हायत. हात पुढं करून कप मागत व्हत्या."

"मंग?"

"न्हाई दिला. तूच म्हनलीस, कुनाच्या हातात देऊ नगा. लईच मागाया लागल्या, तवा पळत सुटलो."

कौसाने कपाळावर हात मारला. "आवं, ताईंच्या हातात द्यायाचाच. पर आधी टिचकी मारून वाजवून दावायचा. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर तितंच फेकायचा, घरला आणायचा न्हाई."

"आसं व्हय," लिंबाजी म्हणाला. घड्यात आणखी थोडं पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला. ऋजुताताई त्याला पाहून जरा लांबच उभ्या राहिल्या. त्याने कपाला टिचकी मारली, कप खणखणीत वाजला, आणि त्याने तो ताईंच्या हातात दिला. ताईंना कप आवडला. वर दुधाचा फेस मावेल एवढा मोठा करा, म्हणाल्या. आणि कौसाला द्यायला म्हणून एक केक खोक्यात घालून दिला. एष्टी स्टँडवर लिंबाजीने खोकं उघडलं. केकला टिचकी मारली. आवाज नाही. दुसऱ्या बाजूने मारली, तर बोट आत रुतलं.

"पार कच्चा हाय," तो म्हणाला आणि त्याने केक गटाराकडे भिरकावला. स्टँडवरच्या कुत्र्याने मात्र वाजवून बघण्यात वेळ घालवला नाही.

"खायाची वस्तू वाजवत्यात व्हय?" कौसा म्हणाली. केक तिने जन्मात एकदाच खाल्ला होता, तोही दुसऱ्याच्या पोराच्या वाढदिवसाला, त्यामुळे तिला खरंच वाईट वाटलं. "आवं, चाखून बघायचं. जिभेवर ठिवलं की कळतंय बरं का वाईट."

तिसऱ्या खेपेला तो मोठा कप घेऊन गेला. तोही ताईंना पसंत पडला. त्यांनी कॉफीच्या पुडीची एक पिशवी दिली. "लिंबाजीभाऊ, या कॉफीचा रंग कपात उठून दिसायला हवा. कौसाताईंना ही दाखवा, म्हणजे त्यांना अंदाज येईल." लिंबाजीने वाटेतच पूड जिभेवर ठेवली. त्याचं तोंड असं वाकडं झालं की शेजारचा प्रवासी उठून दुसऱ्या बाकावर गेला. माणसाने खायची ही वस्तू नव्हे, हे उघड होतं. जनावराला कडू चालतं, म्हणून गावात शिरल्याबरोबर त्याने ती सबंध पिशवी शेजारच्या गुणाबाईच्या शेळीपुढे रिकामी केली. शेळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली बसली नाही, आणि गुणाबाईलाही तिने बसू दिलं नाही.

गुणाबाईची समजूत घालून आल्यावर कौसा म्हणाली, "कॉफी कडूच असती. कडू लागली म्हनून टाकत न्हाईत. साखर घालत्यात, झालं."

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला. त्याला मनापासून बरं वाटलं. इतकी सोपी गोष्ट लोक आधी का सांगत नाहीत, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

आता सगळे कप घडवायचे होते. कौसाने माती चाळून भिजवली आणि ती बाजाराला गेली. जाताना म्हणाली, "माती मळून ठिवा. चांगली झालीया का बघा तेवढं."

लिंबाजीने माती मळली. मग चांगली झालीय का बघायला चिमूटभर जिभेवर ठेवली. कडू लागली. त्याने घरातून साखरेचा डबा आणला, सगळा मातीत उपडा केला आणि पुन्हा मन लावून मळली. परत चाखली, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

कौसाने त्या मातीचे कप घडवून पडवीत सुकत ठेवले. सकाळी उठून पाहते तर काय, गावातल्या सगळ्या मुंग्या तिच्या पडवीत आल्या होत्या. तिने चहासाठी साखरेचा डबा उघडला, आणि मग तिला सगळं समजलं.

"मातीत साखर घातली?"

"कडू लागली."

साखर घातलेली माती भट्टीत फुगणार, कप तडकणार. सगळा माल खड्ड्यात टाकावा लागला. "साखर म्हनल्यावर मुंग्या येनारच," ती कपाळ चोळत म्हणाली. "मुंग्या येऊ नयेत म्हनून परातीत पानी घालून मदी डबा ठिवत्यात. एवढं तर पोरासोरांना कळतंय."

पोरासोरांना कळतं ते आता लिंबाजीलाही कळलं.

कौसा नव्या दमाने तळ्यावर गेली, नवी माती आणली, मळण्यापासून सगळं एकटीने केलं. या वेळी तिने प्रत्येक कपाला कानाच्या वर अंगठा टेकायला एक खळगा दिला. कप इतके सुबक झाले की तिचं तिलाच कौतुक वाटलं. ते सुकायला ठेवून ती सरपण गोळा करायला गेली. लिंबाजी राखणीला बसला. बसल्या बसल्या त्याला एका कपाच्या कानावर एक मुंगी दिसली.

त्याने आरडाओरडा केला नाही. घरातली परात घेतली. शेजारपाजारच्या चार मागून आणल्या. पाचही पाण्याने भरल्या आणि एकेक कप उचलून अलगद पाण्यात ठेवला. मग तो समाधानाने पुन्हा राखणीला बसला.

कच्च्या मातीला पाणी म्हणजे माहेर. बोलावलं की निघालीच. कौसा सरपणाचा भारा घेऊन आली तेव्हा पाच परातींत चिखल होता. एका कपाचा कान तेवढा वर राहिला होता, आणि त्यावर ती मुंगी बसली होती.

"मुंग्या न्हाई लागू दिल्या," लिंबाजी म्हणाला. "ही एकच आधीपासनं व्हती."

कौसा रडली. उद्घाटन आठवड्यावर आलं होतं. लिंबाजी तिच्याजवळ येऊन बसला, आणि म्हणाला, "कौसे, चाक इकायचं न्हाई ना? मी तर समदं तुज्या सांगन्यापरमानंच करतोय."

"तेच तर हाय," कौसा म्हणाली. पण तिचा राग उतरला. या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, हे तिचं जुनं दुखणं होतं. "आता मी काय बी सांगत न्हाई. भट्टी उतरंपातुर निस्तं हात बांधून बसा."

लिंबाजीने गुणाबाईकडून शेळीचं दावं आणलं आणि तिच्याकडूनच दोन्ही हात बांधून घेतले. शेळीचा राग गुणाबाईच्या मनात होताच, तिने गाठ चांगली आवळली. भट्टी उतरेपर्यंत कौसाला नवऱ्याला स्वतःच्या हाताने भरवावं लागलं. पण कप एकही बिघडला नाही. लालबुंद, गुळगुळीत, एकाहून एक खणखणीत.

उद्घाटनाच्या सकाळी दोघं कपांच्या पाट्या घेऊन निघाली. एष्टीत कौसाने पुष्कळ विचार केला. काही सांगावं तर भीती, न सांगावं तरी भीती. शेवटी म्हणाली, "हे बघा, तितं मोठी मोठी मानसं असतील. ती करतील तसं करा. तुमच्या मनाचं काय बी करू नगा, आन् माज्या तर मुळीच नगा."

"मोठी मानसं करतील तसं," लिंबाजी म्हणाला.

दुकान माणसांनी भरलं होतं. कप एका लांब टेबलावर ओळीने मांडले होते, आणि जो तो त्यांच्याकडे बोट दाखवत होता. ऋजुताताईंनी पहिली कॉफी त्यातल्याच एका कपात ओतून आत स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या कौसाला दिली. प्रमुख पाहुण्या परांजपेबाई होत्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खा तालुका त्यांना अजून घाबरून होता. याहून मोठं माणूस कुठून आणायचं? लिंबाजी त्यांच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिला.

परांजपेबाईंनी नारळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि नारळ उंबऱ्याजवळच्या दगडावर आपटून फोडला. टाळ्या झाल्या. मग खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांच्या हातावर दिले. लिंबाजीने सगळं नीट पाहून ठेवलं.

"आता या कपांचं उद्घाटन," ऋजुताताई म्हणाल्या, "ज्यांच्या घरी ते घडले, त्यांच्या हातून. या लिंबाजीभाऊ." लिंबाजीने एक कप भरून बाईंना द्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

लिंबाजी पुढे आला. त्याने एक कप उचलला, त्याला कुंकू लावलं, हात जोडले आणि कप दगडावर आपटला.

सगळ्यांच्या माना दगडाकडे वळल्या. मग गर्दीतला एक चष्मेवाला तरुण म्हणाला, "कुंभारांची जुनी रीत असते ही." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि मोबाइल बाहेर काढले. ताईसुद्धा हसल्या, पण जरा जपूनच.

टाळ्या ऐकून लिंबाजीला हुरूप आला. नारळ एक होता, कप तर ओळीने होते. एकाचं उद्घाटन करून बाकीच्यांवर अन्याय का करायचा? त्याने दुसऱ्याला कुंकू लावलं. मग तिसऱ्याला.

"आवं, थांबा! आवं!" कौसा मागून ओरडत गर्दीत शिरली.

"मावशी, जरा थांबा, व्हिडिओ चालू आहे," लोक म्हणाले.

ती पुढे पोचली तेव्हा टेबलावर फक्त टेबलावरचं कापड उरलं होतं, आणि लिंबाजी खापराचे तुकडे ताटात घेऊन एकेकाच्या उजव्या हातावर ठेवत होता. एका आजोबांनी तुकडा कपाळाला लावून तोंडातही घातला.

"लिंबाजीभाऊ," ऋजुताताई रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "आता लोकांना कॉफी कशात देऊ?"

"ते बाईंस्नी इचारा," लिंबाजी म्हणाला. "मी निस्तं त्यांचं बघून केलं."

कौसाला समोर वीटभट्टी दिसू लागली. हातातला कप तिने छातीशी धरला होता, त्यातली कॉफी निवून गेली होती. परांजपेबाई आपल्या हातावरचं खापर निरखत होत्या. त्यांच्या वाट्याला खळग्याचा तुकडा आला होता. त्यांनी त्यावर अंगठा टेकला. काढला. पुन्हा टेकला.

"ऋजुता, हे बघ. अंगठा कसा बसतो." मग त्या कौसाकडे वळल्या. "बाई, तो तुमच्या हातातला द्या बरं जरा."

त्यांनी त्या कपात ताजी कॉफी ओतून घेतली आणि सावकाश प्यायल्या. वर्गात बसल्यासारखे सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कॉफी मला आवडत नाही," परांजपेबाई म्हणाल्या. "पण कप हातातून सोडवत नाही."

तेव्हा कुठे ऋजुताताईंचं हसू मोकळं झालं. मग सगळं दुकान हसलं. सगळ्यांत जास्त लिंबाजी हसला. कशाला ते त्याला माहीत नव्हतं.

"कौसाताई, पुन्हा सगळे घडवा," ताई म्हणाल्या. "आणि एवढ्यावर थांबायचं नाही. दुकान आहे तोवर इथले कप तुमच्याच हातचे. हा एक उरलाय, तो नमुना म्हणून जपा, अगदी असेच हवेत." त्यांनी कप कौसाच्या हातात परत दिला. "चला, आता कुठे आपल्या कामाचं खरं उद्घाटन होतंय."

कौसाला भरून आलं. चाक राहिलं, वीटभट्टी टळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव हलका झाला, डोळे वाहू लागले, आणि चारचौघांत रडलेलं दिसू नये म्हणून दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावण्यासाठी तिने हातातला कप एक क्षण, अगदी एकच क्षण, शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे धरायला दिला.

लिंबाजीने कुंकवाची वाटी जवळ ओढली.