गुडघे आणि नाडी

“गुरुजी, तुम्ही गोळी घेता?”

धोंडोपंत वैद्यांनी पेजेच्या घोटाबरोबर गोळी गिळली आणि वाटी खाली ठेवली.

“घेतो. डॉक्टरांनी दिली आहे. गुडघे फारच दुखले की घेतो.”

“आणि निर्गुंडीचं तेल?”

“तेही लावतो.”

विश्राम ओसरीवर उभाच राहिला. हा त्यांचा पट्टशिष्य. आता तालुक्याच्या गावी त्याचा स्वतःचा दवाखाना होता. रोग्याला तोंड उघडू न देता नुसती नाडी पाहून दुखणं सांगायचं, ही या घराची रीत. त्यात विश्रामचा हात कुणी धरू शकत नसे, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे.

आज मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

“आई गेली, गुरुजी. महिना झाला.”

“कळलं मला...”

“तिचेही गुडघे झिजले होते. एकदा म्हणाली, शेजारणीला त्या गोळीनं उतार पडला, मलाही आणून दे. मी म्हणालो, वैद्याची आई दुकानातली गोळी खाणार? लोक हसतील मला.”

“मग?”

“नाडी पाहिली. सांगितलं, तेलानं दुखणं गेलंय, आता नुसतं तुझ्या मनात उरलंय.”

“ती काय म्हणाली?”

“‘बरं बाबा,’ म्हणाली... पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. आता शेजारीण सांगते, मी दवाखान्यात गेलो की ती बसल्या बसल्या सरकत न्हाणीपर्यंत जायची. हे ऐकल्यापासून कुणाची नाडी धरवत नाही मला.”

धोंडोपंतांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

“माझं चुकलं कुठं, गुरुजी? तेल चुकलं? की गोळी द्यायला हवी होती?”

धोंडोपंत भिंतीला धरून उठायला गेले आणि कळवळून खाली बसले. विश्राम धावला. सवयीनं त्यानं त्यांचं मनगट धरलं.

त्यांनी हात काढून घेतला.

विश्राम वरमला. त्यांच्या पायाशी बसला. मग कसाबसा म्हणाला, “कुठं... कुठं दुखतं, गुरुजी?”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“हे मी तुला शिकवायला हवं होतं रे.”