मधल्या सुट्टीतलं वऱ्हाड

शाळेचे अध्यक्ष दादासाहेब शेवाळे लग्नाची भांडी भाड्याने द्यायचे, आणि रिकामा बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. एकदा ते शाळेच्या ग्रंथालयात डोकावले, तर ग्रंथपाल मंदाकिनीबाई एकट्याच खुर्चीत बसून फाटक्या पुस्तकाला डिंक लावत होत्या.

"पुस्तकं तर कपाटात बसून असतात. तुम्हाला काम ते काय? उद्यापासून मधल्या सुट्टीत खिचडी वाटा."

म्हणजे मुलं पुस्तकं न्यायला येतात नेमकं तेव्हाच ग्रंथालयाला टाळं. बाई शांतपणे म्हणाल्या, "दादासाहेब, तुमची भांडीही गोदामात बसूनच असतात ना? मग पाच माणसं कशाला ठेवलीत?"

"बसून कुठली? लग्नाला जातात. परत येताना पातेल्याला पोचा, झाकण भलत्याच्या घरी, डाव गायब. शोधा, घासा, जागेवर लावा, तोवर पुढचं लग्न दारात. पाच माणसंही पुरत नाहीत हो."

"खरंय," बाई म्हणाल्या. "तरी तुमची लग्नं मुहूर्तावर असतात. आमच्याकडे रोज मधल्या सुट्टीत लग्न, आणि वऱ्हाडाला अख्खी शाळा."

तेवढ्यात घंटा झाली. वऱ्हाड असं आत घुसलं, की दादासाहेब भिंतीलाच चिकटले.

खिचडीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून दादासाहेबांचा एक माणूस मात्र मधल्या सुट्टीत ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावायला येऊ लागला, तोही भाडं न आकारता.